गाडीवरची चव वहीत उतरवायची कशी: वजनकाट्यापासून दुसऱ्याच्या हातच्या घाण्यापर्यंत

गाडी चालवणाऱ्या घरातली पुढची पिढी किंवा वर्षानुवर्षांचं एखादं गिऱ्हाईक वही घेऊन बसतं आणि विचारतं, "काका, तिखट किती घालता?" काका म्हणतात, "अंदाजाने." वहीत लिहिलं जातं, "तिखट: अंदाजे दोन मोठे चमचे." दोन-तीन वर्षांनी काकांचे गुडघे बोलू लागतात, गाडी मुलाकडे येते, वही उघडली जाते आणि मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, पाणचट होतो. सामानाची यादी बरोबर असते. तरी चव येत नाही, कारण लिहिताना प्रमाण, आच आणि क्रम या तिन्ही गोष्टी निसटलेल्या असतात.

हेच चुकत असल्याचं मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे, आणि सुरुवातीला स्वतःही इतकं चुकलो आहे, की सगळी पद्धत एकदा क्रमाने मांडतो. उदाहरणं मिसळ, वडा आणि भेळेच्या गाडीची घेतली आहेत, पण दाबेली, भजी, अंडाभुर्जी यांनाही हाच क्रम चालतो. पायऱ्या पुढेमागे करू नका. विशेषतः सातवी पायरी गाळू नका, सगळ्यात जास्त लोक तीच गाळतात.

१. आधी परवानगी, मग वही

मसाल्याचं प्रमाण ही त्या घराची पुंजी आहे. म्हणून पहिल्या भेटीत मोबाइल खिशात ठेवा आणि तीन गोष्टी बोलून घ्या: वही कोणाकडे राहणार, त्यातलं काय बाहेर सांगायचं आणि काय नाही, आणि व्हिडिओ कोण बघणार. ठरलेलं वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. तुम्ही घरचेच असाल तरीही. भावाभावांत गाडी वाटली जाते तेव्हा हेच पान कामाला येतं.

नुसत्या प्रमाणावर आणि कृतीवर कॉपीराइट मिळत नाही. तुम्ही ती ज्या शब्दांत लिहिता त्या मजकुरावर मिळतो. म्हणजे प्रमाण एकदा इंटरनेटवर टाकलं की ते परत घेता येत नाही. गाडीचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. ती नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते.

सावधान: "मी जपून ठेवतो" एवढ्या तोंडी शब्दावर कोणी मसाला सांगितला असेल तर तो शब्द पाळा. एका घरात हा विश्वास तुटला की आजूबाजूच्या चार गाड्याही तोंड उघडत नाहीत.

२. सामान

फार काही लागत नाही. दोन डिजिटल काटे हवेत: एक १० किलोपर्यंतचा आणि दुसरा खडा मसाला तोलायला, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तेलासाठी दांडीचा थर्मामीटर घ्या. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टीलवर चुकीचा आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. मोबाइलला स्टँड, चिकटपट्टी, खडू आणि बॉलपेन घ्या. जेल पेनाची शाई एका ओल्या बोटाने पुसली जाते, आणि गाडीवर ओलं बोट असतंच.

३. पहिला दिवस नुसतं बघा

पहाटे साडेचारला मटकी शिजायला लागते तिथपासून रात्री भांडी घासून होईपर्यंत थांबा. काही लिहू नका, मोजू नका. फक्त हाताखाली राहा: कांदा सोला, पाणी भरा. या दिवसाचे दोन फायदे आहेत. तुमच्या असण्याची सवय झाल्यावरच रांधणारा माणूस नेहमीसारखा रांधतो. नाहीतर पाहुणा बघतोय म्हणून मसाला एक चमचा जास्त पडतो. दुसरं म्हणजे, ज्या कामांचा पाककृतीत कधीच उल्लेख होत नाही ती दिसतात: चिंच रात्रीच भिजत घातलेली असते, बटाटे उकडून पसरून गार केलेले असतात, कालचा वाटीभर कट आजच्या भांड्यात तळाला गेलेला असतो.

तपासा: रात्री घरी आल्यावर दिवसाचा क्रम आठवून लिहा. तीस-चाळीस ओळी झाल्या नाहीत तर आणखी एक दिवस नुसतं बघा.

४. वजन: डबा आधी, डबा नंतर

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक रांधणाऱ्याला थांबवतात, "जरा या वाटीत घाला, मोजतो," म्हणतात. हात थांबला की अंदाज मोडतो. त्याऐवजी मिठाचा, तिखटाचा, मसाल्याचा, बेसनाचा, तेलाचा असा प्रत्येक डबा रांधण्यापूर्वी तोलून ठेवा आणि घाणा, म्हणजे एका वेळचं रांधण, उतरल्यावर पुन्हा तोला. जेवढं कमी झालं तेवढं पडलं. हाताला कुठेही आडकाठी येत नाही, आणि चव बघून शेवटी टाकलेली चिमूटही हिशोबात येते. सांगताना ती चिमूट कोणीच सांगत नाही.

मूठ वेगळी तोला. एका मिसळीच्या गाडीवर आई कटात "तीन मुठी मीठ" घालायची आणि मुलगाही तीनच मुठी घालायचा. तरी गिऱ्हाईक म्हणायचं, पोराच्या हातचं खारट होतं. आम्ही काटा मांडून दोघांना पाच-पाच वेळा मूठ भरायला लावली. आईची मूठ ५८ ते ६४ ग्रॅमची, पोराची ८५ च्या पुढे. तिचा तळहात लहान होता, आणि मूठ वर आणताना ती करंगळी किंचित सैल सोडायची, तिथून मीठ खाली गळायचं. तिला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून त्या गाडीवर मिठाला स्टीलचा एक ठरलेला पेला आहे.

मीठ खड्याचं की बारीक, हेही लिहा. खडेमिठात खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे तोच पेला बारीक मिठाचा घेतला तर वजन वाढतं.

वजनाबरोबर प्रत्येक जिन्नसाची अवस्था लिहायची. कांदा सोलण्याआधीचा की नंतरचा? मटकी कोरडी की मोड आलेली? खोबरं अख्खं की किसलेलं? चिंच नवी की जुनी? जुनी चिंच काळपट आणि वेगळ्या चवीची असते, तिला गूळही वेगळा लागतो. बटाटा नवा की कोल्ड स्टोरेजचा? थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या पिठाची साखर होते, त्यामुळे भाजी गोडसर लागते आणि बटाटा तळला तर लवकर काळपटतो. बेसन गिरणीतून भरड दळून आणलेलं की पाकिटातलं बारीक? दोन्ही वेगवेगळं पाणी पितात. वड्याचं आवरण जाड झालं की लोक कृतीला दोष देतात. बहुतेक वेळा बदललेलं असतं ते पीठ.

पाण्यासाठी सोपी युक्ती: भांड्यात स्वच्छ लाकडी डाव उभा धरून पाणी कुठपर्यंत आलं तिथे खूण करा. नंतर त्याच भांड्यात त्या खुणेपर्यंत लिटरच्या मापाने पाणी ओतून मोजा.

तपासा: हे तीन वेगवेगळ्या दिवशी करा, त्यात एक गर्दीचा रविवार हवाच. तीन आकड्यांची सरासरी काढून मोकळे होऊ नका, तिन्ही लिहा. ज्या जिन्नसाचे आकडे लांब लांब येतात तो चवीप्रमाणे बदलला जातो. तिथे "कशावरून ठरवता?" हे विचारायचं.

५. आच, वेळ, आवाज

"मंद आचेवर खरपूस परता" या वाक्याला गाडीवर काही अर्थ नाही. व्यावसायिक सिलिंडरवरच्या भट्टीची मंद आच म्हणजे घरच्या शेगडीची मोठी आच. भट्टीच्या नॉबवर चिकटपट्टी लावा आणि रांधणारा जिथे जिथे थांबतो तिथे पेनाने रेघ मारा. दोन-तीन दिवसांत कळतं की रेघा ठरलेल्या तीन-चारच आहेत. त्यांना क्रमांक द्या आणि वहीत लिहा: कांदा दोनवर, वाटण एकवर, उकळी तीनवर.

मोबाइल स्टँडवर हातांच्या उंचीला लावा, चेहऱ्यावर नको. पूर्ण घाणा सलग टिपा, आवाजासकट. फोडणीचा आवाज बदलतो ती वेळ नंतर ऐकून लिहिता येते. पाणी असेपर्यंत वाटण तडतडतं, पाणी आटलं की आवाज खाली येतो आणि कडेने तेल सुटतं. "तेल सुटेपर्यंत" या शब्दांपुढे मिनिटांचा आकडा, आवाज आणि रंग, तिन्ही हवं.

प्रश्न कसे विचारायचे हे इथे महत्त्वाचं. "किती?" विचारलं की "अंदाजाने" हेच उत्तर येतं. त्याऐवजी हात थांबला त्या क्षणी विचारा, "आत्ता का थांबलात?" एका काकांनी कढईखालची आच बंद केली, तेलात चिमूटभर तिखट टाकलं आणि नुसतं बघत राहिले. विचारल्यावर म्हणाले, "लाल फेस आला तर टाकायचं. काळं पडलं तर थांबायचं, आणि ती चिमूट झाऱ्याने काढून टाकायची." तर्रीचं, म्हणजे कटावरच्या लाल तेलाचं, सगळं गणित त्यात होतं. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. तेल फार तापलं तर तिखट क्षणात जळतं, गार पडलं तर रंग सुटत नाही. त्यांच्या मुलाच्या वहीत याच्या जागी एवढंच होतं: "तेलात तिखट घालावे."

दुसरा हुकमी प्रश्न: "हे बिघडलं तर काय करता?" कट खारट झाला, पीठ सैल झालं, चटणी काळी पडली, मटकीला वास आला. प्रत्येकाचं उत्तर लिहा. मटकी टाकून द्यायची हेही उत्तरच आहे. चाळीस वर्षांचा अनुभव या उत्तरांत साठलेला असतो आणि ती कुठल्याच पाककृतीत छापलेली नसतात.

सावधान: तळणीच्या कढईजवळ मोबाइल हातात धरून वाकू नका. स्टँड वापरा आणि तेलाच्या बाजूला उभे राहू नका.

६. वर्षाचा मसाला, स्वतंत्र पानावर

गाडीची खरी ओळख बहुतेक वेळा कोरड्या मसाल्यात असते, आणि तो वर्षातून एकदा, उन्हाळ्यात होतो. म्हणून हे काम चार दिवसांत उरकत नाही. मार्च ते मे या काळात मसाला होणार त्या दिवशी हजर राहावं लागतं. तो दिवस हुकला तर वर्ष गेलं असं समजा.

मिरची जातीने लिहा. ब्याडगी रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटपणाला. "मिरची ३ किलो" या नोंदीवरून कोणालाच काही करता येत नाही. वजन तीनदा घ्या: विकत आणल्यावर, देठ काढल्यावर, ऊन दिल्यावर. घरातलं प्रमाण यांपैकी कोणत्या वजनावर आहे हे मुद्दाम विचारा. निम्म्या वह्यांमध्ये धणे आणि मिरचीचं गुणोत्तर इथेच बिघडतं.

खडा मसाला प्रत्येक वेगळा भाजला जातो, त्याचा क्रम आणि वेळ लिहा. धण्याला वेळ लागतो, तीळ बघता बघता तडतडतात, दगडफूल आणि खसखस लगेच जळतात. लवंग, मिरे, दालचिनी यांना तेलाचा थेंब लागतो की कोरडेच, हे घरोघरी वेगळं असतं. भाजण्याआधी प्रत्येकाची पुडी ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. सुकं खोबरं कधी आणि कसं जातं हेही बघा. त्याला तेल सुटतं, त्यामुळे कांडपात ते आधी टाकलं की मसाला चिकटतो.

कांडपाला सोबत जा. यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला उरलेला असतो. जाणती माणसं स्वतःच्या मिरचीची पहिली ओंजळ यंत्रातून काढून बाजूला ठेवतात आणि मग खरा घाणा लावतात. कुटलेला मसाला चाळला का, किती वेळा, चाळणीवर उरलेलं परत घातलं का? तीन ओळी, पण लिहा.

शेवटी १०० ग्रॅम मसाला लहान काचेच्या बरणीत घट्ट भरा, वर वर्ष लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. उजेडात आणि उष्णतेत तिखटाचा रंग उडतो. पुढच्या वर्षी नवा मसाला झाला की दोन्ही चमचा-चमचा गरम तेलात टाकून शेजारी शेजारी बघा.

सावधान: मिरची भाजताना खिडक्या उघड्या हव्यात आणि दमेकरी माणूस घरात नको.

७. दुसऱ्याच्या हातून, आणि मालकाने गप्प बसून

वही पुरी झाली असं वाटलं की ती तिसऱ्या माणसाच्या हातात द्या. ना तुम्ही, ना घरचं कोणी. त्याने फक्त वही वाचून पूर्ण घाणा करायचा. मूळ रांधणाऱ्याला शेजारी खुर्ची द्या आणि एकच अट घाला: बोलायचं नाही.

तो बोलणारच. "अरे, झाकण!" "आधी हळद नको!" "पळी तळाशी लाव!" न राहवून तो जे जे बोलतो ते वहीत सुटलेलं असतं. प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे लाल पेनाने त्या-त्या पायरीपाशी लिहा. एका भेळवाल्या मावशींच्या चिंचेच्या चटणीत अशी अकरा लाल वाक्यं निघाली, आणि त्यातलं एक होतं, "उतरल्यावर लगेच झाकू नको, वाफेचं पाणी पडेल." वहीवरून केलेली चटणी चार दिवसांत का आंबत होती याचं उत्तर तेच होतं. तिन्ही दिवसांच्या व्हिडिओत मावशी चटणी उघडी ठेवतानाच दिसत होत्या, पण न केलेली गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मग चव. तीन वाट्या मांडा: दोनांत मूळ हातचं, एकात नव्या हातचं, किंवा उलट. कोणती कुठली हे फक्त तुम्हाला माहीत. जुन्या पाच-सहा गिऱ्हाइकांना वेगळी वाटी ओळखायला सांगा. बहुतेकांनी अचूक ओळखली तर वहीत अजून भोक आहे. नुसतं "कसं झालंय?" विचारू नका, भिडेखातर सगळे छानच म्हणतात.

तपासा: लाल वाक्यं घालून वही नव्याने लिहा आणि पुन्हा एक घाणा करा. या वेळी मालक दोन-तीनदाच बोलला तर काम जमलं.

८. घरगुती प्रमाण भागाकाराने काढू नका

शंभर प्लेटच्या कटाला पंचवीसने भागून चार जणांची कृती लिहिणं ही फार सर्रास चूक आहे. लहान भांड्यात पाणी आकाराच्या मानाने जास्त वेगाने आटतं. मोठं पातेलं आच बंद केल्यावरही बराच वेळ आतल्या आत शिजत राहतं, लहान भांडं लगेच निवतं. तळणीत थोडं तेल असेल तर चार वडे सोडताच ते गार पडतं आणि वडा तेल पितो. म्हणून आधी अर्धा घाणा करा, मग पाव, आणि प्रत्येक वेळी पाणी, मीठ व वेळ नव्याने ठरवून वेगळ्या पानावर लिहा. गाडीचं मूळ प्रमाण कधीही खोडू नका.

९. गाडीची जागा आणि कागद

कृती टिकली आणि जागा गेली तर पुढची पिढी रांधणार कुठे? म्हणून याच वहीत कागदांचा भाग करा.

पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे पाहणीत नोंद झालेल्या विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र मिळतं. ते भाड्याने देता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मात्र विक्रेत्याचा मृत्यू झाला, कायमचं अपंगत्व आलं किंवा तो आजारी पडला, तर आधी पती किंवा पत्नी आणि मग अवलंबून असलेलं मूल, असा घरचा एक माणूस प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्या जागी विक्री करू शकतो. अनेक घरांना हे माहीत नसतं आणि दुखवट्याच्या दिवसांत जागा हातची जाते. नातं दाखवणारे कागद आजच प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत लावून ठेवा.

गाडी उचलून नेली तर जप्त मालाची यादी मागा, ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच दिवशी अर्ज करा: नाशवंत माल दावा केला त्याच दिवशी सोडायचा असतो, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत.

आणखी एक तरतूद फार कमी जणांनी वाचलेली आहे. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटलं आहे की पन्नास वर्षांहून जास्त काळ जिथे पथविक्रेते धंदा करत आहेत असे नैसर्गिक (परंपरेने भरत आलेले) बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. तुमची खाऊगल्ली त्यात बसत असेल तर पुरावे गोळा करा: जुन्या पावत्या, जुने फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, आसपासच्या दुकानदारांचे जबाब. एका गाडीने मागून हे होत नाही. सगळ्यांनी मिळून शहराच्या पथविक्रेता समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

१०. वही ठेवायची कशी

एक प्रत घरी, एक विश्वासातल्या नातेवाइकाकडे, आणि प्रत्येक पानाचा फोटो. गाडीवर फक्त रोजच्या प्रमाणाचं लॅमिनेट केलेलं पान असू द्या. मसाल्याचं पान गाडीवर न्यायचंच नाही.

वर्षातून एकदा, मिरचीला ऊन द्यायच्या आदल्या दिवशी, वही उघडा. मिरचीची जात बदलली, तेलाचा डबा बदलला, गिरणी बदलली तर नवा आकडा जुन्याच्या शेजारी तारखेसह लिहा, जुना तसाच राहू द्या. फ्रीजरमधली बरणी काढा आणि काट्याचे सेल तपासून ठेवा.